एक मार्क काहून कापला

कॉलेजच्या ऑफिसात लागलो त्या पहिल्याच आठवड्यात बेबीताईंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही.

मी बोनाफाइडच्या गठ्ठ्यावर शिक्के मारत बसलो होतो. समोर एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. गणवेशाची निळ्या काठाची साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हातात सायन्स विभागाची टपालवही होती, पण ती पुढे करायचं सोडून बाई माझ्या हातांकडे टक लावून बघत होती.

"बाबू, तुमी शिक्का माराच्या आधी त्याच्यावर फूक काहून मारता?"

मी फुंकर मारतो हेच मला माहीत नव्हतं. तरी नव्या नोकरीचा रुबाब म्हणून "सवय आहे" असं सांगून मी टपालवही ओढून घेतली.

"हाव, सवय. पण काहून?"

मी वडिलांवर ढकललं. माझे वडील अकोल्याला शाळेत हेडमास्तर होते, तेही शिक्क्यावर फुंकर मारायचे.

"मंग ते काहून मारत होते?"

वडील जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तसं सांगितल्यावर बाईनं टपालवही परत ओढून घेतली. मला वाटलं, ओशाळली. पण ती हळहळत म्हणाली, "म्हंजे इचाराचं राहूनच गेलं म्हना." आणि टपालवही काखेत मारून निघून गेली. तिला वाईट वाटलं होतं ते वडील गेल्याचं की उत्तर गेल्याचं, हे मला कळलं नाही.

बेबीताई राऊत आमच्या अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होत्या. शिक्षण आठवी. माहेर रिद्धपूरचं, घर महानुभाव, त्यामुळे सकाळी ऑफिसात डोकावल्या की "दंडवत, बाबू" म्हणायच्या. नवरा लवकर गेला, मुलगी अकोल्याला दिली होती. याहून जास्त त्यांच्याविषयी कुणाला माहिती नव्हती, कारण त्यांना स्वतःविषयी बोलायला सवडच नसे. त्या सदा दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागलेल्या असत.

काचेची भांडी धुणं, तारा जोडून देणं, प्रॅक्टिकल संपल्यावर सगळं कपाटात लावणं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत तीस बॅचेस त्यांच्या डोळ्यांसमोरून तेच ते प्रयोग करून गेल्या होत्या. प्रयोगांची इंग्रजी नावं त्यांना येत नसत. "लोलकाचा", "भिंगाचा", "गरमीचा" अशी त्यांनी आपली नावं ठेवली होती. पण कोणत्या टेबलावरचा मीटर दोन घरं पुढे दाखवतो आणि कोणता स्प्रिंगकाटा पावसाळ्यात रुसतो, हे विभागप्रमुख खंडारे सरही त्यांनाच विचारत. प्रयोग करायची मात्र त्यांना मुभा नव्हती. प्रयोग पोरांनी करायचा, भांडी बेबीताईंनी धुवायची.

एकदा एप्रिलच्या परीक्षेत एका पोरानं सीनियरच्या वहीतलं निरीक्षण जसंच्या तसं उतरवलं. पाण्याचं सुरुवातीचं तापमान, सत्तावीस. बेबीताई बादली घेऊन मागून चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"बापा, एप्रिलात आपल्या टाकीचं पानी सत्तावीस? कोन्या इहिरीचं आनलं? मलेही सांग, प्याले आनतो."

बाहेरून आलेले परीक्षक हसू दाबत खिडकीकडे वळले. पोरानं गुपचूप खोडरबर काढलं. बेबीताईंनी त्याची तक्रार वगैरे केली नाही. त्यांना खरंच ती विहीर हवी होती, असं मला आजही वाटतं.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे जाता-येता कशालाही हाताची मागची बाजू लावून बघायची, पोराला ताप आहे का बघतात तशी. पंख्याचा रेग्युलेटर, ऑटोची सीट, पाण्याची मोटार, काही सोडायच्या नाहीत. लायब्ररीतल्या एका स्विचबोर्डाला असाच हात लावून त्यांनी वायरमनला ओढत आणलं होतं. आतली वायर जळत आली होती. बोर्ड बदलला, आग लागली नाही, आणि लागली नाही म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. "आपोआप" हा शब्द त्यांना सहन होत नसे. "आपोआप काईच होत नाई, बाबू. आपोआप म्हंजे आपल्याले माहीत नाई."

आता ऑफिसातल्या एका मशीनकडे येतो.

आमच्या ऑफिसात विद्यापीठाचं ऑनलाइन काम चालणारा कॉम्प्युटर एकच. तो एका जुन्या लाकडी टेबलाच्या कप्प्यात ठेवलेला, वर पडदा आणि कीबोर्ड. उन्हाळ्यात सकाळी सात ते अकरा त्यावर मी बसे, पत्रं-बित्रं टाइप करी. अकरानंतर सुवर्णा बसे. सुवर्णा बाळापूरची, अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली ऑपरेटर, खोली करून दोन मैत्रिणींसोबत राहायची. दुपारभर परीक्षेचे अर्ज आणि गुणांच्या याद्या भरायचं सगळं अवघड काम तिच्याकडे. घरच्यांनी तिच्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. नोकरी आहे तोवर थांबू, नोकरी संपली की लग्न लावून टाकू, असा सरळ हिशोब होता. कराराचं नूतनीकरण मे अखेरीला व्हायचं होतं. तिला लग्नाचं वावडं नव्हतं, पण ते आपण म्हणू तेव्हा व्हावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

एप्रिलच्या मध्यापासून मशीननं रंग दाखवायला सुरुवात केली. सुवर्णा काम करता करता पडदा एकदम काळा व्हायचा आणि मशीन स्वतःहून पुन्हा सुरू व्हायचं. तासभर भरलेली यादी जायची. पुन्हा भरायला घेतली की पुन्हा काळोख. दिवसातून एकदा होत होतं ते चारदा व्हायला लागलं.

कॉम्प्युटरवाला आला, कप्प्यातून मशीन काढून दुकानात घेऊन गेला. दोन दिवस तिथं ते अखंड चाललं. आणून लावलं, तर दुपारी दीड वाजता पुन्हा बंद. तो म्हणाला, "मशीनमंदी काईच नाई. तुमच्या चालवन्यात हाये." एवढं बोलून तो गेला, आणि आमचे ऑफिस सुपरिटेंडेंट टेकाडे साहेब यांना हवं ते मिळालं.

टेकाडे साहेब माणूस वाईट नव्हता. पण बिघाड म्हटला की त्याला एक नाव लागतं, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी मला विचारलं, "पाठक, तुम्ही बसता तेव्हा बंद पडतं का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

"म्हणजे ती पोरगी बसली की पडतं. मोबाइल लावत असेल, पेनड्राइव्ह घालत असेल, सिरीयली पाहत असेल. व्हायरस घातला तिनं." आणि त्यांनी प्राचार्यांकडे टिपण पाठवलं, ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे काम खोळंबते, सबब नूतनीकरण करू नये. ते टिपण टाइप मीच केलं, त्याच मशीनवर, सकाळी आठ वाजता. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

सुवर्णा दुपारी फायलींच्या कपाटामागे जाऊन रडली. तिथंच बेबीताईंनी तिला गाठलं. रडणाऱ्या माणसाला आधी पाणी देतात, धीर देतात. बेबीताईंनी विचारलं, "किती वाजता पडते?"

"मावशी, माझी नोकरी जाऊन राह्यली, अन् तुमी टाइम काय इचारता!"

"मंग टाइमच इचारा लागंल ना, माय."

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या कडेला दोऱ्यानं एक जुनी प्रयोगवही लटकली. बेबीताईंनी पानावर पट्टीनं रकाने आखले होते. वेळ, खोलीची गरमी, बसणारा कोण, काय काम चालू. मशीनला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून त्या फक्त स्टूल टाकून समोर बसत आणि लिहीत. प्रयोगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर त्यांनी खिडकीच्या खिळ्याला टांगला होता. जाताना कप्प्यामागे हात घालून त्या काहीतरी चाचपत आणि समाधानानं म्हणत, "हाये, दुपट्टा जागेवर हाये."

या दुपट्ट्याची गोष्ट सांगायला हवी. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आमच्या कॉलेजच्या रस्त्यानं जिनिंगच्या कारखान्यांकडे जातात. टेबल खिडकीला पाठ करून असल्यामुळे कापसाचे तंतू थेट कप्प्यात शिरायचे. तेव्हा बेबीताईंनी आपला एक जुना सुती दुपट्टा आणला आणि कप्प्याच्या मागच्या उघड्या बाजूला चार खिळ्यांवर ताणून बांधला. "उन्हात निंगताना आपन नाई का तोंडाले बांधत? त्यालेही बांधला." आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावर माणसाचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळा दुपट्टा. त्यामुळे ही गोष्ट आम्हा सगळ्यांना फार शहाणपणाची वाटली. टेकाडे साहेब स्वतः वाकून बघून म्हणाले होते, "वा, बेबीबाई! मशीनची काळजी घ्यावी तर अशी." मी तिथंच उभा होतो.

वहीची चार पानं भरली. बेबीताई माझ्याकडे आल्या. "बाबू, उद्या तुमी दुपारी बसा, सुवर्णाले सकाळी बसवा. काम मात्र तेच करा, जे ते करते."

मला दुपारी जेवून जरा डोळा लावायची सवय. कुरकुरत बसलो. याद्या भरायला घेतल्या. एक वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या डोळ्यांसमोर पडदा काळा झाला आणि माझ्या सव्वा तासाच्या मेहनतीचं वाटोळं झालं. मागून बेबीताईंचा आनंदी आवाज आला, "पडलं! बाबूच्यानंही पडलं!" सकाळी सुवर्णा चार तास बसली, काही झालं नाही.

मी टेकाडे साहेबांना वही नेऊन दाखवली. ते म्हणाले, "व्हायरस एकदा आत गेला की तो काय माणूस पाहून चावते का?" आणि टिपण तसंच राहिलं. वर त्यांनी थट्टा केली, "उन्ह लागलं असंल मशीनले. कांदा ठेवा उशाला."

आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. मला गंमत वाटली. माझ्या डब्याच्या पिशवीतला एक कांदा मी खरंच कप्प्यात, मशीनच्या माथ्यावर ठेवून दिला. ऑफिस दिवसभर हसलं. बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली, "कांदा ठेवला." आणि संध्याकाळी तिच्यापुढे लिहिलं, "फरक नाही."

चार-पाच दिवसांनी टेबल पुसताना त्यांनी तो कांदा हातात घेतला आणि उभ्याच राहिल्या. मग माझ्याकडे आल्या.

"बाबू, हे पाहा. ह्या अंगानं कांदा ताजा हाये. अन् ह्या अंगानं पार भाजल्यावानी सुकला."

"मग?"

"सुकला ते अंग मागं होतं, दुपट्ट्याकडं. मागं गरमी आली कुठून? मागं तर आपन बांधून ठेवलं हाये."

दुपारचे दोन वाजले होते. टेकाडे साहेब प्राचार्यांकडे मीटिंगला गेलेले. सुवर्णाचं काम चालू होतं. बेबीताईंनी खिळ्यावरचा थर्मामीटर काढला. खोलीत त्रेचाळीस होतं. तो त्यांनी कप्प्याच्या पुढच्या तोंडाशी धरला, पारा किंचित चढला. मग त्या टेबलामागे गेल्या, वाकल्या आणि दुपट्टा व मशीन यांच्या फटीत थर्मामीटर सरकवून तिथंच राहू दिला. हात मात्र त्यांनी चटका बसल्यासारखा लगेच मागे घेतला. थोड्या वेळानं थर्मामीटर बाहेर काढून चष्म्याजवळ नेला आणि मला दिला. पारा साठीच्या वर होता.

खिळ्यांवरून दुपट्टा सोडवला तेव्हा तो लोंबला नाही, पुठ्ठ्यासारखा ताठ हातात आला. बाहेरच्या अंगानं त्यावर कापसाचा बोटभर थर बसला होता. आमच्या कूलरची ओलसर हवा, रस्त्याची काळी धूळ आणि दिवाळीपासूनचे तंतू, सगळ्यांची मिळून गादी झाली होती. मशीन आपली गरम हवा मागून बाहेर टाकत होतं, ती गादीला आपटून परत आत जात होती. थंडीत ते निभलं. उन्हाळ्यात, दुपारी, अवघड काम चालू असताना निभत नव्हतं. मशीन जळू नये म्हणून आपणच आपल्याला बंद करून घेत होतं. कप्प्यातून काढून दुकानात नेलं की दुपट्टा इथंच राहायचा, म्हणून तिथं ते धडधाकट.

त्या दुपारी मशीन पाच वाजेपर्यंत अखंड चाललं.

मला वाटलं, बेबीताईंना वाईट वाटेल. त्यांनी दुपट्ट्यावरचा थर नखानं खरवडला. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, मी सगळं पाह्यलं. वायर पाह्यली, खिडकी पाह्यली, तुमाले बसवून पाह्यलं. हे नाई पाह्यलं. रोज हात लावून गेली, तरी नाई पाह्यलं." दुपट्टा उलटा करत, "काहून? तर मीच बांधला होता म्हणून."

सुवर्णा घाबरली होती. "मावशी, गुपचूप टाकून द्या ना ते. चाललं ना आता मशीन. कोनाले काय माहीत होते?"

मीही तेच म्हणालो. बेबीताईंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

पण दोन दिवस मशीन नीट चाललेलं बघून टेकाडे साहेबांनी सगळ्यांसमोर टेबलावर थाप मारली. "पाहा! टिपण पाठवलं, पोरगीले धाक बसला, अन् मशीन आपोआप सुधरलं. म्हणजे चूक कोणाची होती?"

"आपोआप" हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. बेबीताई कोपऱ्यातून पुढे आल्या. हातात घडी घातलेला तो ताठ दुपट्टा होता. तो त्यांनी साहेबांच्या फायलीवर ठेवला.

"सुवर्णाची नव्हती, सायेब. माझी होती. हा मी बांधला होता. ह्याच्यानं मशीनचा श्वास कोंडला. त्या पोरीचं टिपण फाडा."

साहेब आधी दुपट्ट्याकडे, मग बेबीताईंकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. परवानगीशिवाय ऑफिसच्या यंत्राला छेडछाड! विद्यापीठाचं काम खोळंबलं, त्याला जबाबदार कोण? त्यांनी त्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस काढली. तीही मीच टाइप केली. "परवानगीशिवाय" हा शब्द टाइप करताना मला साहेबांचं ते "वा, बेबीबाई" लख्ख आठवलं. माझी बोटं थांबली. मग पुन्हा चालायला लागली. साहेबांकडे माझी बढतीची फाइल होती, आणि मी बोललो नाही.

उत्तराला सात दिवस होते. लोक अशा नोटिशीला वकिलाकडून मसुदा करून घेतात, निदान "अनवधानाने" हा शब्द घालतात. बेबीताईंनी कॉलेजच्या स्टेशनरीतून एक कोरी प्रयोगवही विकत घेतली आणि त्यात उत्तर लिहिलं. ते आवक रजिस्टरला मीच घेतलं, म्हणून वाचायला मिळालं.

*उद्देश: मशीन काहून बंद पडते ते पाहणे.*

*साहित्य: मशीन एक, थर्मामीटर एक, दुपट्टा एक, कांदा एक, ऑपरेटर दोन (पाठक बाबू धरून).*

*कृती* दोन पानं होती. बाजूला पेन्सिलीनं कप्प्याची आकृती, हवा कुठून येते आणि कुठं अडते ते बाणांनी दाखवलेलं. खाली निरीक्षणांचा तक्ता, सतरा दिवसांचा. कांद्याची वेगळी आकृती होती, सुकलेला भाग रेघा मारून. आणि शेवटी:

*निष्कर्ष: चूक बेबी राऊतची आहे. सुवर्णाची नाही. मशीनचीही नाही.*

तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या रचून ठेवणाऱ्या बाईची ही पहिली वही. साहेबांनी ती वाचून कपाळाला हात लावला आणि तांत्रिक बाब म्हणून खंडारे सरांच्या अभिप्रायाला पाठवली. तासाभरात परत आली. सरांनी प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण केली होती, शेवटच्या पानावर सही आणि वर एका गोलात दहापैकी नऊ.

"हा अभिप्राय आहे?" साहेब ओरडले. पण विभागप्रमुखाची सही होती, काय करणार. प्राचार्यांनी बेबीताईंना लेखी समज दिली, ती त्यांच्या सर्व्हिस बुकात लागली. सुवर्णाविरुद्धचं टिपण परत आलं. मे अखेरीला तिचा करार वाढला. तीन महिन्यांनी बेबीताईंना शाल-श्रीफळ मिळालं आणि त्या मुलीकडे अकोल्याला राहायला गेल्या. त्यांना तो थर्मामीटर हवा होता, पण तो कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, डेड स्टॉकमध्ये, चढलेला असल्यानं देता आला नाही. सुवर्णानं आपल्या पगारातून तसाच दुसरा आणून दिला.

पुढे त्यांचे मला फोन यायचे. "दंडवत, बाबू. तुमच्या घरच्या फ्रीजचं अंग बाहेरून गरम लागते का? आमच्या इथं लागते. काहून असंल?" मला येत असे ते मी सांगे, येत नसे ते पोरांना विचारून सांगे. सुवर्णा दुसऱ्या परीक्षा देत राहिली, शेवटी बुलढाण्याकडे एका शाळेत ग्रंथपाल म्हणून लागली. तिचं लग्न झालं, तिनं ठरवलं तेव्हा. खंडारे सर निवृत्तीनंतर वर्षभरात गेले.

गेल्या मे महिन्यात अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा बेबीताईंकडे गेलो. ती आमची शेवटची भेट. पावसाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला.

त्या दिवशी त्या खाटेवर बसल्या होत्या. दम लागत होता, हात थरथरत होते, डोळे जवळपास गेले होते. खिडकीच्या गजाला थर्मामीटर टांगला होता आणि तो त्यांनी मला वाचायला लावला. "चव्वेचाळीस," मी म्हणालो. "कालच्यापेक्षा एक कमी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी उशीखालून ती वही काढली. मूळ फायलीत होती, ही त्यांनी केलेली नक्कल. पण शेवटचं पान मात्र झेरॉक्स करून डकवलं होतं, लाल शाई त्यात काळी आली होती.

"बाबू, सरानं एक मार्क काहून कापला असंल? मी लै इचार केला. आकृती बराबर, तक्ता बराबर. सर असते तं इचारलं असतं. आता कोनाले इचारू?"

"एखादा मार्क कापायची पद्धत असते, ताई."

त्यांनी हात झटकला. "पद्धत नाई. मले मागच्या महिन्यात समजलं. निष्कर्षाच्या खाली पोरं काय लिवतात?"

मी आर्ट्सचा. मला कसं माहीत असणार?

"दक्षता! काय काय सांभाळाचं ते. तीस वर्सं पोरायले लिवताना पाह्यलं, अन् मी इसरली. सरानं बराबर कापला." त्यांचा चेहरा पोराला गणित सुटल्यावर होतो तसा झाला होता. "माह्यानं आता लिवनं होत नाई. तुमी लिवा." त्यांनी बॉलपेन माझ्या हातात दिलं.

मी निष्कर्षाखाली लिहिलं, *दक्षता*.

"एक. मशीनचं तोंड बांधू नये."

लिहिलं.

"दोन." त्या थांबल्या, दम घेतला. "बांधलं असंल तं सांगून द्याव."

ते मी लिहिलं, पण पुढे पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला आता ठेववेना. मी म्हणालो, "ताई, दुपट्टा बांधला त्या दिवशी टेकाडे साहेबांनी तुम्हाला शाबासकी दिली होती. परवानगी नव्हती असं नाही. मला आठवत होतं. नोटीस मी टाइप केली, तेव्हाही आठवत होतं. मी बोललो नाही."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. रागानं बोलतील असं वाटलं होतं.

"काहून?" त्यांनी विचारलं. त्या विहिरीविषयी विचारला होता तसाच प्रश्न, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भ्यालो होतो."

"हाव," त्या म्हणाल्या. "मंग तेही लिवा. तीन नंबर. अन् खाली सही तुमची करा, ते निरीक्षन तुमचं हाये."

मी लिहिलं, *तीन. माहीत असून भ्यायचं नाही.* खाली सही केली आणि कागदावर फुंकर मारली.

सही बॉलपेनची होती. वाळायचं त्यात काहीच नव्हतं. मी वर पाहिलं तर बेबीताई कान देऊन, ओठांत हसू धरून माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या.